शेजारच्या विहिरीला पाणी, आमची बोअर कोरडी, असं का?

प्रश्न : आमच्या बांधापासून शंभर फुटांवर शेजाऱ्यांच्या विहिरीला चैत्रातही पाणी असतं, आम्ही ४०० फूट बोअर घेतली तर नुसती धूळ उडाली. जमिनीखालची नदी आमच्याकडून जात नाही का?
– एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : नदी नसते हो खाली, ती कल्पना आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे खाली आहे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, आणि अखंड काळ्या पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. शेजाऱ्यांच्या विहिरीत पाणी कमी असताना डोकावून बघा, मुरूम संपून पाषाण लागतो तिथे एक ओली, शेवाळलेली रेघ दिसेल, झरे बहुतेक तिथूनच पाझरतात. विहीर रुंद असल्यामुळे तिला चारही बाजूंनी भेगा सापडतात, तुमची बोअर सहा इंचांची, तिला खाली एकही भेग लागली नाही, आणि वरच्या मुरमातलं जे थोडंफार पाणी होतं ते केसिंग पाइपने (वरची माती-मुरूम ढासळू नये म्हणून बोअरच्या वरच्या भागात घालतात तो पाइप) अडवलं! म्हणून जास्त खोल म्हणजे जास्त पाणी हे गणित आपल्या खडकात चालत नाही, कृपा करून कर्ज काढून आणखी २०० फूट जाऊ नका. हे पाणी उताराच्या दिशेने अगदी हळू सरकतं, त्यामुळे वरच्या अंगाला पावसाचं पाणी मुरवलं तर शेजाऱ्यांनाही आणि तुम्हालाही उपयोग होईल, दोघं मिळून करता येतं का बघा.