माइल्सवर काढलेली तिकिटं कंपनीनं चार दिवस आधी रद्द केली, खातंही गोठवलं: आता काय करायचं?

सोलापूरच्या होटगी रोडच्या एका दादांनी माझ्याकडं, म्हणजे एका वकिलाकडं, लांबलचक पत्र पाठवलंय, नाव घालू नका म्हणालेत, म्हणून प्रश्न थोडक्यात माझ्या शब्दांत मांडते. दादांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, दर जानेवारीला फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातात, आणि बरीच वर्षं एकाच विमान कंपनीनं गेल्यामुळं आणि त्याच कंपनीचं क्रेडिट कार्ड वापरल्यामुळं खात्यात तीन लाखाच्या वर माइल्स (प्रवासावर आणि कार्डाच्या खर्चावर मिळणारे पॉइंट्स, त्यांच्या बदल्यात तिकीट मिळतं) साठले होते. भाची तिकडंच असते, तिचं बाळंतपण एप्रिलात, म्हणून दादांनी फेब्रुवारीत एक लाख वीस हजार माइल्स खर्चून बहीण आणि भाऊजींची जायची-यायची अवॉर्ड तिकिटं, म्हणजे माइल्सवरची तिकिटं काढली. टॅक्स आणि इतर चार्जेस ३८ हजार ६०० झाले, ते भाऊजींनी स्वतःच्या कार्डानं भरले. मार्चमध्ये कंपनीची मेल आली, तुमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, प्रवाशांशी तुमचं नातं काय आणि त्यांच्याकडून पैसे घेतलेत का. दादांनी कारखान्यातूनच मोबाईलवर घाईत उत्तर दिलं, "सिस्टर आणि ब्रदर इन लॉ आहेत, पैसे त्यांनीच दिलेत." झालं. १० एप्रिलला तिकिटं रद्द, उरलेले १ लाख ८४ हजार माइल्स गोठवले, कारण एवढंच की "माइल्सची विक्री, नियमांचा भंग". १४ एप्रिलचं विमान होतं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्वेशन झालेलं, बॅगा भरलेल्या. शेवटी १ लाख ४६ हजाराची नवी तिकिटं काढून ते गेले. दादांचा प्रश्न: एवढ्या वर्षांचे माइल्स परत मिळवायला केस करता येईल का?

दादा, नमस्कार. भाची आणि बाळ सुखरूप आहेत हे वाचून आधी बरं वाटलं. केस करता येते, आणि मला तरी ती करण्यासारखी वाटते, पण तुम्ही ज्या टोकाकडून सुरुवात करताय तिथून मी करणार नाही. तुमच्या पत्रात अकरा वेळा "माझे माइल्स" आहे आणि "कन्फर्म तिकीट" फक्त एकदा. मला नेमकं ते एकदा आलेलं पाहिजे.

सांगते का ते. माइल्स म्हणजे आपल्या पासबुकातले पैसे असं आपण धरून चालतो, पण विमान कंपन्यांच्या माइल्सच्या कार्यक्रमांच्या नियमात साधारण सगळीकडं लिहिलेलं असतं की माइल्सला रोख किंमत नाही, विकता येत नाहीत, आणि कंपनीला वाटलं तर दर, नियम, मुदत सगळं बदलता येतं. मेंबर होताना आपण खाली टिक करून मोकळे होतो. त्यामुळं "माझी मालमत्ता हिसकावली" म्हणून उभं राहिलात की समोरचा वकील पहिल्या तारखेला ते कलम काढून पुढं ठेवणार, आणि मग पुढची दोन वर्षं माइल म्हणजे काय यावरच जाणार. तिकिटाचं तसं नाही. फेब्रुवारीत कंपनीनं तुमच्याकडून माइल्स घेतले, ३८ हजार ६०० रुपये घेतले, पीएनआर दिला, सीट नंबर दिले. अमुक माणसाला अमुक तारखेला घेऊन जातो असा शब्द दिला की हो त्यांनी! आणि तो चार दिवस आधी, एका ओळीच्या मेलवर, तुमचं पुरतं ऐकून न घेता मोडला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी म्हणतात ती हीच, कलम २(११).

अमेरिकेतल्या दोन केसेस इथं मुद्दाम सांगते, आपल्याकडं त्या बंधनकारक नाहीत, पण असलं भांडण कुठं जिंकतं आणि कुठं हरतं ते त्यातून स्वच्छ दिसतं. तिकडं अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ ला हा माइल्सचा कार्यक्रम सुरू केला आणि १९८८ ला नियम बदलून आधी साठलेल्या माइल्सवरसुद्धा नव्या अटी घातल्या, अमुक तारखांना तिकीट नाही, इतक्याच सीट. मेंबर कोर्टात गेले. १९९५ ला वोलेन्स केसमध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की राज्याच्या ग्राहक कायद्याखाली दावा चालणार नाही, पण कंपनीनं स्वतः दिलेला शब्द मोडला असेल तर कराराचा दावा चालेल. दुसरी २०१४ ची गिन्सबर्ग केस, त्यात नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं एका मेंबरचं सदस्यत्वच काढून घेतलं, कारण दिलं की तो कार्यक्रमाचा गैरवापर करतोय, आणि गैरवापर झाला की नाही हे कंपनीनं एकटीनं ठरवायचं असं नियमातच होतं. त्या माणसाचा तिथं उरलेला मुद्दा होता की कंपनी माझ्याशी प्रामाणिकपणे वागली नाही, आणि तो हरला. आपला कायदा वेगळा आहे, ग्राहकाला आपल्याकडं जास्त आधार आहे, तरी धडा तोच घ्यायचा, दिलेला शब्द पुढं करायचा, अन्याय झाला हे त्याच्या मागं आपोआप येतंच.

आता कंपनी काय काय म्हणेल ते बघू. पहिलं म्हणेल, हे तिकीट फुकट होतं, आणि कायद्यातल्या सेवेच्या व्याख्येत फुकट दिलेली सेवा येतच नाही. व्याख्येत तसं आहे, कलम २(४२). पण तुमचे माइल्स आभाळातून पडलेत का? प्रत्येक माइलमागं तुम्ही विकत घेतलेलं तिकीट आहे नाहीतर कार्डावर केलेला खर्च आणि त्याची वर्षाची फी आहे. युरोपचा प्रवाशांच्या भरपाईचा २६१/२००४ हा नियम बघा, फुकट प्रवास करणाऱ्यांना तो लागू नाही, पण फ्रिक्वेंट फ्लायरच्या, म्हणजे माइल्सवरच्या तिकिटावर जाणाऱ्यांना लागू आहे असं त्यात वेगळं लिहून ठेवलंय. म्हणजे तिकडच्या कायदा करणाऱ्यांनासुद्धा हे तिकीट फुकटातलं वाटलं नाही.

दुसरं म्हणेल, तुम्ही व्यापारी, धंद्याच्या प्रवासातून माइल्स मिळवले, तुम्ही ग्राहकच नाही. इथं जरा सांभाळायचं आहे. व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर आहे, पण स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी चालवलेल्या धंद्याला त्यातही सूट आहे. हेतू बघताना मुख्य हेतू काय होता हे बघायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ ला लीलावती ट्रस्टच्या केसमध्ये सांगितलंय, आणि व्यापारी हेतू होता हे सिद्ध करायची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर आहे असं २०२४ ला श्रीराम चिट्सच्या केसमध्ये. या दोन तिकिटांचा हेतू काय? लेकीच्या बाळंतपणाला आई-बाप निघालेत. याच्याहून घरगुती काय असतं! म्हणून अर्जात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाचा पाल्हाळ नको, माइल्स कसे साठले त्याला दोन ओळी पुरे, आणि भाचीच्या डॉक्टरचं तारखेचं पत्र मात्र जोडा.

तिसरं म्हणजे त्यांचा खरा हुकमाचा पत्ता, तुमची ती मेल. "पैसे त्यांनीच दिलेत." तुम्हाला म्हणायचं होतं टॅक्सचे पैसे, त्यांनी वाचलं तिकिटाचे पैसे. दादा, दुसऱ्याच्या कार्डानं अवॉर्ड तिकिटाचे चार्जेस भरले की या कंपन्यांच्या सिस्टिमला पहिला संशय तिथंच येतो, कारण माइल्स विकत घेणारे दलाल असतात आणि गिऱ्हाईक आपलंच कार्ड वापरतं. त्यामुळं त्यांनी विचारलं यात चूक नाही. चूक त्याच्या पुढं आहे. उत्तर दोन अर्थाचं होतं तर आणखी एकदा विचारायचं, कार्डावरची रक्कम ३८ हजार ६०० च आहे आणि ती टॅक्सएवढीच आहे हे त्यांच्याच रेकॉर्डला दिसत होतं, ते बघायचं. तुम्ही पत्रात शेवटी सहज लिहिलंय की बहिणीचं नाव २०२२ पासून खात्यात नॉमिनी म्हणून आहे. अहो, ही तर तुमच्या केसमधली सगळ्यात चांगली गोष्ट, ती शेवटी कशाला? कंपनीनं स्वतः जिला घरचं माणूस म्हणून मान्य केलं तिला तिकीट दिलं तर ती विक्री कशी होईल हे त्यांना सांगावं लागेल.

आता एक अवघड गोष्ट. तुम्ही कळवलंय की भाऊजींनी फेब्रुवारीत तुम्हाला ३१ हजार यूपीआय केलेत, ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी घेतलेल्या उसन्याचे आहेत, आणि "ते सांगायची गरज नाही ना?" असं विचारलंय. गरज आहे. ती एंट्री तिकिटं काढल्यानंतर नवव्या दिवसाची आहे. उद्या केस चालवणाऱ्या ग्राहक आयोगानं बँकेचा उतारा मागितला आणि ती तिथं पहिल्यांदा दिसली तर तुमच्या खऱ्या बोलण्यावरसुद्धा कोणी विश्वास ठेवणार नाही. जानेवारीत तुम्ही त्यांना दिलेले ३१ हजार बँकेतून गेले असतील तर दोन्ही उतारे शेजारी शेजारी लावा, प्रश्न मिटला. हातात रोख दिले असतील तर भाऊजींचं अ‍ॅफिडेविट लागेल, कधी घेतले, कशाला घेतले, कधी फेडले. आणि दादा, वकील म्हणून एकदाच विचारते, राग मानू नका: त्यातले थोडेसुद्धा पैसे तिकिटाचे असतील तर मला आत्ताच सांगा. तसं असेल तर तिकिटांची बाजू पडते, आणि मग फक्त एवढंच भांडता येईल की दोन तिकिटांच्या चुकीला उरलेले १ लाख ८४ हजार माइल्स गोठवणं ही शिक्षा फार मोठी आहे. ते भांडणसुद्धा खोटं नाही, नुकसानाच्या मानानं भलताच दंड लावणारी किंवा सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडू देणारी अट म्हणजे अन्याय्य करार, असं कलम २(४६) म्हणतं. पण अट रद्द करून मागायचा अर्ज जिल्हा आयोगात चालत नाही, त्याला राज्य आयोगात जावं लागतं. म्हणूनच मी म्हणते की आपण सोलापुरात त्रुटीची केस लावायची, नियमांच्या अटींना हातच लावायचा नाही.

सोलापुरात का, तर कंपनीचं ऑफिस कुठंही असू दे, तक्रारदार राहतो तिथं केस लावता येते, कलम ३४. त्यांच्या नियमात लवादाचं कलम (भांडण कोर्टात नाही, खासगी पंचाकडं न्यायचं) असेल तरी घाबरू नका, त्यामुळं ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही हे एमार या बिल्डर कंपनीच्या केसमध्ये २०१८ ला ठरलंय. मोजलेली रक्कम पाच लाखाच्या आत आहे, फी शून्य. मुदत दोन वर्षं, १० एप्रिलपासून मोजा, पण दोन वर्षं आहेत म्हणून थांबू नका, खातं पूर्ण बंद झालं की स्टेटमेंट मिळणं मुश्किल होतं. आज रात्रीच बसा आणि लॉगिन होत असेल तोवर माइल्सचा सगळा हिशोब, नॉमिनीची यादी, बुकिंगचं पान, रद्द केल्याची मेल हे सगळं उतरवून ठेवा. प्रिंट काढल्या की त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागेल, ते मी तयार करून देते. कॉल सेंटरला मात्र फोन करू नका आता, जे बोलायचं ते मेलवर, आणि ती मेल पाठवायच्या आधी मला दाखवा.

मेल कंपनीच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी), तिथं काही झालं नाही तर त्याच्या वरच्या अपिलेट ऑथॉरिटीला, दोघांचे पत्ते त्यांच्या वेबसाइटवर असतात. त्यात तीनच गोष्टी विचारायच्या: कोणत्या पुराव्यावर विक्री ठरवली, कोणत्या नियमाखाली तिकिटं रद्द केली, आणि ३८ हजार ६०० कुठं आहेत. हे शेवटचं विसरू नका. तिकीट न वापरता रद्द झालं तर सरकारी टॅक्स आणि विमानतळाचे चार्जेस परत द्यायचे असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमच आहे, स्वस्तातल्या ऑफरच्या तिकिटालाही तो लागू आहे, आणि तुम्ही लिहिताय त्यावरून अजून एक रुपया आलेला नाही. सोबत एअरसेवा या विमान प्रवाशांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून नंबर घ्या. बऱ्याच वेळा गोष्ट इथंच मिटते, कारण टॅक्सचा मुद्दा त्यांना नाकारता येत नाही आणि तिथून बोलणं सुरू होतं. मिटत असेल तर मिटवा, माइल्स परत आणि तिकिटातला फरक रोख, एवढ्यावर मी तरी सही करायला सांगेन.

केस करायचीच झाली तर तक्रारदार तीन: तुम्ही, ताई आणि भाऊजी. विमानात ते बसणार होते, त्रास त्यांना झाला, नव्या तिकिटांचे पैसे त्यांच्या खिशातून गेले, तुम्ही एकट्यानं केली तर पहिला आक्षेप त्यावरच येईल. मागताना १ लाख ४६ हजार आणि शिवाय तिकिटात गेलेले एक लाख वीस हजार माइल्स असं दोन्ही मागू नका, एकाच नुकसानाची दोनदा भरपाई कोणी देत नाही आणि मागणारा हावरा दिसतो. नव्या तिकिटांची रक्कम मागा, ती नाही मिळाली तर पर्यायी म्हणून ते माइल्स. उरलेले १ लाख ८४ हजार खुले करणं वेगळं, टॅक्स वेगळा, मानसिक त्रास आणि खर्च वेगळा. नोटीस मिळाली की कंपनीला उत्तराला ३० दिवस, आयोगानं दिले तर आणखी १५, त्यापुढं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० ला पक्कं केलंय. कायदा निकाल तीन महिन्यांत म्हणतो, तुम्ही मनात त्याच्याहून बराच जास्त काळ धरा.

आणि हो, पत्रात शेवटी लिहिलंय की एक ट्रॅव्हल एजंट "गोठलेले माइल्स सोडवून विकून देतो" म्हणून मागं लागलाय. त्याला दारातूनच परत पाठवा, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला असेल तर उत्तरसुद्धा देऊ नका, तुमच्याविरुद्ध त्यांच्याकडं आज जो पुरावा नाही तो तुम्ही स्वतः तयार करून द्याल. ९ जून २०२५ ला होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून आपल्या गावात माइल्स, पॉइंट्स यांचं बोलणं वाढलंय, त्यासोबत असली माणसंही येणार.

भाऊजी परत आले की दोघांचे जानेवारी ते एप्रिलचे बँक उतारे घेऊन या. त्या ३१ हजारांचा हिशोब आधी बघते, तो जुळला की त्याच दिवशी नोडल ऑफिसरची मेल लिहायला घेऊ.