मोबाइलवर सगळं मिळतं, मग रेडिओ-टीव्हीच्या बातम्यांचं आता काम काय?

तुम्ही लिहिलंय की वडील अजून रोज सकाळी सात पाचच्या आकाशवाणी पुण्याच्या बातम्या लावतात आणि त्यातली एकही बातमी तुम्हाला नवी नसते, कारण रात्रीच सगळं मोबाइलवर येऊन गेलेलं असतं. मग ही जुनी माध्यमं चालू कशाला ठेवायची, असा तुमचा सवाल.

मी काही वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यातून एका मराठी वृत्तवाहिनीचा स्ट्रिंजर होतो. पगार नाही, बातमी लागली तर तेवढ्याचे पैसे. त्यामुळे माझं उत्तर तालुक्यातून जसं दिसतं तसं आहे. मुंबईत डेस्कवर बसलेला माणूस कदाचित वेगळं सांगेल.

घडलेलं सगळ्यात आधी कळवायचं काम रेडिओ आणि टीव्हीच्या हातून गेलं. ते परत येणार नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण मोबाइल आला म्हणून रेडिओ मागे पडला, हे अर्धंच खरं आहे. आपल्याकडे रेडिओवरच्या बातमीला कायद्यानेच वाढू दिलेलं नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्यानंतर खासगी वृत्तवाहिन्यांचं पीक आलं. खासगी एफएमही आले, पण त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी आजही नाही. २०११ च्या धोरणाने एवढीच सूट दिली की आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं, काना-मात्रा न बदलता, पुढे ऐकवता येईल. २०१९ पासून आकाशवाणीने ती बातमीपत्रं त्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. म्हणजे एकाच वाहिनीवर दहा अँकर सरकारवर किंवा विरोधकांवर ओरडू शकतात, आणि एफएमवरचा निवेदक तुमच्या नगरपालिकेत काल काय ठराव झाला हे स्वतः बातमी करून सांगू शकत नाही. याचं पटण्यासारखं कारण मी तरी अजून ऐकलेलं नाही.

सामुदायिक रेडिओचं, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांनीच आपल्या भागासाठी चालवलेल्या छोट्या केंद्राचं, तर आणखी गंमतीशीर आहे. आमच्या भागात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, बारामतीला 'वसुंधरा वाहिनी' आहे. माणदेशातल्या बाया आपल्याच बोलीत बोलतात, शेळीपालनापासून बचतगटापर्यंत सगळं ऐकायला मिळतं, लोक जीव लावून ऐकतात. नियमाप्रमाणे अशा केंद्राला हवामान, परीक्षा, जत्रा-यात्रा, आणि प्रशासनाने दिलेल्या वीज-पाण्याच्या सूचना सांगता येतात, कारण त्या 'बातमी' धरल्या जात नाहीत. टँकर कधी येणार हे सांगायला हरकत नाही. टँकर का आला नाही, हे विचारायला गेलं की ती बातमी होते. आणि दुष्काळी तालुक्यात लोकांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

तरीही सात पाचला एक किंमत आहे, आणि ती त्या दहा मिनिटांतच आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय, धरणातला साठा, एखादा निकाल, हवामान, संपलं. दहा मिनिटांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. सरकारी माध्यम आहे, सरकारची बाजू जास्त येते, हे वडिलांनाही माहीत असणार. पण 'म्हणे', 'सूत्रांकडून', 'व्हायरल होतंय' हे शब्द तिथे सहसा कानावर पडत नाहीत. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय आला, तेव्हा एवढी ओरड झाली की त्याला स्थगिती द्यावी लागली. कुणीच ऐकत नसतं तर ओरडलं कोण असतं?

टीव्हीबद्दल मी जरा कडवट आहे, ते समजून घ्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे किती तरी वर्षं मराठी बातम्या म्हणजे ठरलेल्या वेळेचं एक बातमीपत्र. प्रदीप भिडेंचा आवाज आमच्या घरात पाहुण्यासारखा यायचा, आणि स्मिता पाटील सिनेमात जायच्या आधी तिथेच बातम्या वाचायच्या. मग २००७ ते २००९ या दोन-तीन वर्षांत मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्यांची रांग लागली. आम्हाला वाटलं, आता तालुक्याला जागा मिळणार. वेळ कितीतरी पटींनी वाढली होती ना!

जागा मिळाली, पण कशाला? सुरुवातीला आम्ही शूट केलेली कॅसेट पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो, पुण्याच्या स्टँडवर दुसरा माणूस ती उतरवून घ्यायचा. पाणीटंचाईची स्टोरी पाठवली की डेस्कवरून पहिला प्रश्न यायचा, "व्हिज्युअल काय आहे?" हंडा घेऊन रडणारी बाई असेल तर लागली. पाणीपुरवठा योजनेच्या फायलीतला घोळ असेल तर, "बघतो." बिबट्या विहिरीत पडला की मात्र मला दिवसभर फोनोवर, म्हणजे फोनवरून थेट माहिती द्यायला, उभं करायचे. पुढे फीड, म्हणजे शूट केलेलं चित्रण, इंटरनेटवरून मिनिटांत जाऊ लागली, पण प्रश्न तोच राहिला. चोवीस तास भरायला बातमीदार लागतात, बातमीदाराला पैसे लागतात, आणि स्टुडिओत चार प्रवक्ते बसवणं स्वस्त पडतं. एवढं साधं अर्थशास्त्र आहे.

थेट प्रक्षेपणाची हौस किती महाग पडते ते २६/११ ला दिसलं. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कव्हरेजवर कडक ताशेरे ओढले, कारण पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच टीव्हीवर पाहत होते. २०१५ मध्ये नियमच आला की दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवायची नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच द्यायचं. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्यानंतर कोणती वृत्तवाहिनी किती पाहिली जाते याचे आकडे जवळपास दीड वर्ष बंद होते. त्या काळात आरडाओरडा कमी झालेला तुम्हाला आठवतोय? मला नाही.

या रिकाम्या जागेत मोबाइल घुसला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि प्रत्येक तालुक्यात कोणी ना कोणी यूट्यूब चॅनल काढून, हातातल्या बूम माइकवर स्वतःचं नाव छापून फिरायला लागला. माझा त्यांच्यावर राग नाही. ग्रामसभा लाइव्ह दाखवणारा, वाळूच्या डंपरमागे मोटरसायकल लावणारा, बाजार समितीतला कांद्याचा भाव सकाळी सांगणारा तोच आहे. जे एफएमला करू दिलं नाही आणि वाहिन्यांना करायचं नव्हतं, ते हा पोरगा करतो. फक्त त्याचं पोट नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर चालतं, त्यामुळे त्या नेत्याचा डंपर मात्र त्याला दिसत नाही. आणि त्याने टाकलेलं वाचून "थांब, हे खात्री करून घे" म्हणणारा वर कोणी नसतो.

व्हॉट्सॲपवर तर तो पोरगासुद्धा नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली.

आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही दिवसेंदिवस बंद होते. तुमचं 'सगळं मोबाइलवर येतं' टॉवर उभा असेपर्यंत. दोन सेलवर चालणारा रेडिओ अशा वेळी वडिलांकडे असेल, तुमच्याकडे नसेल.

तसं पाहिलं तर ही भिंतच आता राहिलेली नाही. आकाशवाणीची बातमीपत्रं तिच्या ॲपवर आणि यूट्यूबवर ऐकता येतात, वाहिन्यांचे निम्मे प्रेक्षक फोनवरच असावेत असं आजूबाजूला पाहून वाटतं. त्यामुळे कुठल्या यंत्रावर ऐकता यापेक्षा ती बातमी कोणी तपासली आणि तिचा खर्च कोणी उचलला, हे बघत जा. मी स्वतः राज्याचं सात पाचला ऐकतो, टीव्ही फक्त मतमोजणीच्या दिवशी लावतो, आणि तालुक्यात काही झालं की त्या यूट्यूबवाल्या पोराला फोन करून विचारतो, "तू स्वतः गेला होतास का तिथे?"