गवत शिकायला परदेशी कशाला?

गोव्यातल्या पेडण्याहून एक मुलगी आईला घेऊन आमच्याकडे परदेशी शिक्षणाचा सल्ला घ्यायला आली. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तिला अमेरिकेत रेंजलँड इकॉलॉजी, म्हणजे चराऊ रानांचं शास्त्र आणि व्यवस्थापन शिकायचं होतं. आईने सरळ विचारलं, "गुरं राखायला एवढे पैसे घालायचे? आणि परत येऊन ही करणार काय?" हे दोन्ही प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतात आणि दोन्ही रास्त आहेत.

आधी आम्ही आईंना हिशेब करून दाखवला. ५० × ५० सेंमीची चौकट सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर टाकायची, आतलं गवत बुडापासून कापायचं, ओव्हनमध्ये ६० अंशांवर ४८ तास वाळवायचं आणि वजन करायचं. ग्रॅमना ४०ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. दहा चौकटींची सरासरी २५ ग्रॅम आली, तर हेक्टरी १,००० किलो. १०० हेक्टरांवर एक लाख किलो झाले, पण गुरांच्या वाट्याचे त्यातले २५ टक्केच धरायचे. निम्मं गवत मुळांसाठी आणि मातीसाठी राखायचं असतं आणि उरलेल्यातलंही बरंच तुडवलं जातं, किडे खातात. साधारण ४५० किलोच्या गाईला दिवसाला १२ किलो सुकं गवत लागतं. म्हणजे २५,००० किलोंत वर्षभर पाच-सहा गाई. सगळं गवत पोटात जातं असं धरलं, तर हिशेब चौपट चुकतो आणि दोन-तीन वर्षांत रान उघडं पडतं. आई लक्ष देऊन ऐकत होत्या. गुरं त्यांच्याही घरी होती.

मग पैसा. एजंटाने बारा विद्यापीठांची यादी दिली होती. ती आम्ही बाजूला ठेवायला सांगितली. या विषयात प्रबंधासह एम.एस. करायचं, तर प्रकल्पाचा निधी हाती असलेला मार्गदर्शक आधी शोधावा लागतो. कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, वायोमिंग, मोंटाना स्टेट यांच्या विभागांची पानं उघडून कोण कशावर काम करतं ते वाचायचं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लिहायचं. पत्र दोनशे शब्दांचं पुरे: त्यांचा कोणता लेख वाचला, आपण हाताने काय मोजलं, निधी आहे का. एकच मजकूर पन्नास जणांना गेला, तर उत्तर येत नाही. असिस्टंटशिप मिळाली की आठवड्याला साधारण २० तास काम, त्याबद्दल मानधन आणि बहुधा शिकवणी शुल्कात माफी. पण मानधन नऊ महिन्यांचं की बारा, आरोग्यविमा कोण भरणार, हे लेखी विचारायचंच. उरलेल्या रकमेसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना बघायची.

तीन वर्षांची पदवी बऱ्याच विद्यापीठांना पुरत नाही. म्हणून गोवा विद्यापीठातून आधी एम.एस्सी. करावं, असं आम्ही सुचवलं. शिवाय गाडी चालवायला शिकावी. तिथे कामाची जागा मैलोगणती दूर असते.

दुसऱ्या प्रश्नावर गोड बोलून चालत नाही. सरकारी जमिनी आणि जंगलं सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट किंवा फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या कायम नोकऱ्या साधारणपणे अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. शिक्षणानंतर काही काळ अनुभवासाठी काम करता येतं. त्याला मुदतवाढ मिळेल का, हे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० फॉर्मवरच्या सीआयपी क्रमांकावर, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावर ठरतं. रेंज सायन्सचा ०१.११०६ आहे. भारतात मात्र 'रेंज मॅनेजर'ची जाहिरात शोधत बसू नये. झाशीची गवत व चारा संशोधन संस्था, कच्छच्या बन्नी या गवताळ रानात माजलेल्या विलायती बाभळीवरचं काम, पशुपालकांबरोबर काम करणाऱ्या संस्था, अशा ठिकाणी हेच ज्ञान वेगळ्या नावाने लागतं. गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांना तर ते तातडीने हवंय. सरकारी कागदांवर पडीक ठरलेल्या या जागांवर पावसाळ्यात गुरांचा चारा असतो आणि ग्लायफोक्लोआसारखी पश्चिम घाट आणि त्याच्या आसपासच उगवणारी गवतंही.

मुलगी आता एम.एस्सी.ला आहे. कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी घेऊन ती सप्टेंबरअखेर सड्यावर चौकटी टाकते. पहिल्या खेपेचे नमुने ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, ते कुजले. आता कागदी पिशव्या वापरते. तारीख आणि चौकटीचा क्रमांक पेन्सिलीने लिहिते, कारण पावसात शाई फुटते.