धालोगीताने अडवलं, म्हणून बी.ए. मराठी सोडायचं?

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. बारावी कला शाखेत आहे. मराठीच्या प्रकल्पासाठी एका गीताचं विश्लेषण करायचं आहे. पौषात बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून गातात-नाचतात, तो धालो. तो घालताना आजी म्हणते ते नमनाचं गीत मी निवडलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकून ऐकून उतरवलं. सरांनी शेरा मारला, ‘हा सारांश झाला, विश्लेषण कुठे?’ पुन्हा लिहिलं, तरी तेच. एक ओळ पहिली रांग म्हणते आणि समोरची रांग तीच परत म्हणते. तिच्याबद्दल नवं काय लिहायचं? एवढंही जमत नसेल तर बी.ए. मराठीला जाऊ का? बाबा म्हणतात, कम्प्युटर कोर्स कर आणि सरकारी परीक्षांना बस.

उत्तर : बाये, तू जिथे अडलीस तिथेच तुझं विश्लेषण आहे. सोबत जोडलेले दोन्ही खर्डे मी वाचले. पहिल्यात तू प्रत्येक ओळीचा अर्थ दिलास. दुसऱ्यात ‘पुनरुक्तीमुळे भाव अधिक गडद होतो’ असं लिहिलंस. हे वाक्य गाइडातून कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, म्हणून सरांना ते पटलं नसावं. मात्र पत्रात सहज लिहून गेलीस की ओळ परत म्हणणारी रांग समोरची असते, आणि नेमकं हेच खर्ड्यात नाही! म्हणजे तीच बाई तेच पुन्हा सांगत नाही. एकीने भूमीला हाक मारली आणि दुसरीने ती उचलून धरली. आता वही उघड आणि प्रत्येक ओळीपुढे समासात लिही : ही कोणत्या रांगेची, ऐकतं कोण, पावलं पुढे जातात की मागे. मग बघ, कुठली ओळ परत येताना जराशी बदलते? एखादं देवाचं नाव? वाड्याचं नाव? बदलत नसेल तर तेही लिही, कारण मग गीताचं काम नवं सांगणं नसून सगळ्यांना त्यात सामील करून घेणं आहे, असं तुला म्हणता येईल. हे तुझं विधान झालं आणि त्याला पुरावा तुझ्या रेकॉर्डिंगमध्येच आहे.

एक गोष्ट खटकली. दुसऱ्या खर्ड्यात आजीचे कोकणी वळणाचे शब्द तू ‘शुद्ध’ करून टाकलेस. ते परत जसेच्या तसे ठेव. धालोत मराठी आणि कोकणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. गाणाऱ्या बायकांना त्याची अडचण कधी वाटलेली नाही, ती आपल्याला वाटते. जो शब्द ऐकूच आला नाही तिथे अंदाजाने काही घालू नकोस. कंस करून ‘अस्पष्ट’ लिही आणि आजीला विचार.

एखाद्या मैत्रिणीने भावगीत निवडलं असेल तर तिला आणखी एक सांग. नेटवरच्या शब्दांवर विसंबू नको म्हणावं, कवीचा संग्रह काढून ताडून बघ. जुन्या 78 आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावत, त्यामुळे गाण्यासाठी कवितेतली कडवी गाळली जात. कोणतं कडवं गाळलं आणि त्याने कवितेचा रोख कसा बदलला, एवढ्यावरसुद्धा चांगला प्रकल्प उभा राहतो. संग्रह पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात शोधता येईल.

आता बी.ए.चं. शेऱ्यावरून हा निर्णय घेऊ नकोस. या विषयातलं निम्मं काम कंटाळवाणं असतं : तेच रेकॉर्डिंग मागे-पुढे करून ऐकायचं, एका अक्षरासाठी थांबायचं. ते तू कुणी न सांगता केलंस आणि पत्रात त्याची तक्रारही नाही. मला तरी गुणांपेक्षा ही खूण जास्त भरवशाची वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या बऱ्याच ‘परी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. प्रत्येक ओवीजवळ गाणारीचं नाव आणि गाव कसं नोंदवलंय ते बघून ठेव. उतरवणं, वर्गवारी, भाषांतर ही सगळी तुझ्या हातच्या कामाची पुढची रूपं आहेत.

‘गीत-विश्लेषक’ नावाची नोकरी नसते, हे बाबांचं खरं. बी.ए.नंतर बी.एड. करून शिक्षिका, ताळगावला गोवा विद्यापीठात एम.ए. आणि पुढे प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, नाहीतर भाषांतर, उपशीर्षकं, संपादन, ध्वनिसंग्रहालयातली नोंदणी अशा वाटा आहेत. गोव्यात या जागा थोड्या आहेत, तेव्हा इंग्रजी कच्चं ठेवून चालणार नाही. सरकारी परीक्षांचं दार मात्र यातल्या कशानेच बंद होत नाही. पदवीधरांच्या जागांना बी.ए. चालतं, आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास बरं, ही अट जाहिरातींत बाबांनीही वाचली असेल. कम्प्युटर कोर्स पदवी करता करता सुट्टीत होईल. त्यावरून घरात भांडण नको.

प्रकल्प देण्याआधी आजीला विचार, तिचं नाव घातलेलं चालेल का. ती हो म्हणाली तर ते पहिल्या पानावर, तुझ्या नावाच्या वर घाल.