पीएच.डी. केली तर पुढे काय?

प्रश्न : धातुशास्त्रात बी.टेक. करतेय. नॅनोकणांवर संशोधन करायचंय, पण बाबा विचारतात, 'पुढे नोकरी कुठे?' – एक वाचक, सांगली

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे, पीएच.डी.त पाचेक वर्षं जातात. पण 'गेट' ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालीस तर पाठ्यवृत्ती मिळू शकते. पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, रंग आणि बॅटरीच्या कंपन्या आहेत.

माझं सांगते. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घातलं आणि फिकट पिवळं पाणी माणकासारखं लाल झालं! तयार झाले सोन्याचे नॅनोकण, जेमतेम 15 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्याआधी सात वेळा नुसता काळा गाळ बसला होता, कारण काचेची भांडी आम्लराजाने (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणाने) नीट धुतली नव्हती. सुट्टीत दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत राब. तो सातवा गाळ पाहूनही आठव्यांदा भांडी धुवावीशी वाटली, तर बाबांना हे उत्तर दाखव.