आठव्या आठवड्यात तुरा बघून कोंबडा ठरवू नका

पाच पिल्लं दोन महिन्यांची झाली, एकाचा तुरा लाल झालाय, ते बाकीच्यांना टोचतं, म्हणून ते आरवायच्या आत चाळीतून हलवू का, असं तुम्ही विचारलंय. हलवू नका. याच घाईत चांगली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, सुरीखाली जाते. मुंबईच्या कोळीवाड्यांत, गावठाणांत हे अजूनही होतं आणि मला त्याची चीड आहे.

टोचतं म्हणजे कोंबडा, हे साफ चूक. वरचढ कोण, हे ठरेपर्यंत माद्याही छाती काढून अंगावर जातात. तुऱ्याचं म्हणणं अर्धंच खरं. एकाच जातीची, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली पिल्लं शेजारी ठेवली, तर सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा रुंद आणि लालभडक होतो. मादीचा फिकटच राहतो, अंड्यावर यायच्या सुमारास लाल होतो. पण लेगहॉर्न जातीच्या तलंगेलाही मोठा तुरा येतो आणि असील जातीच्या नराचा तुरा बसकाच असतो. मिसळीच्या गावठी पिल्लांत तुलना करणार कशाशी?

खात्री देतं ते कमरेवरचं पीस. बाराव्या आठवड्यात, रात्री, पिल्लू खुराड्यात पेंगत असताना उचला. छाती पंजावर, पाय दोन बोटांत. पाठ संपून शेपूट सुरू होते तिथली पिसं बोटाने उचला, खाली पांढरा कागद सरकवा, टॉर्च लावा. मादीचं पीस टोकाला अंगठ्याच्या नखासारखं गोल, कडेपर्यंत घट्ट विणलेलं असतं. नराचं अरुंद, भाल्यासारखं निमुळतं, आणि कडेला चकचकीत झालर. त्या कडेला तंतू एकमेकांत अडकवणारे बारीक धागे नसतात, म्हणून ती सुटी दिसते आणि चमकते.

चूक होते ती जुनं पीस बघितल्यामुळे. पहिला पिसारा दोघांचाही गोलच असतो. बुडाशी अजून मेणकट नळी असलेलं नवं पीस शोधा. टोकदार सापडली तर नर. नाही सापडली तर दोन आठवड्यांनी पुन्हा बघा.

पीस गोल ठेवतं ते अंडाशयातलं इस्ट्रोजेन. म्हणून अंडाशय निकामी झालेली म्हातारी कोंबडी कोंबड्यासारखी पिसं काढते, कधी आरवतेसुद्धा. तिला अपशकुनी म्हणून मारतात. ती आजारी असते, अपशकुनी नसते.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरली की कळतं, हे मला आजही ऐकवलं जातं. पिल्लाचं लिंग कोंबडीच्या बीजातच ठरतं, कवच त्यावर नंतर चढतं. मग कवचाचा आकार काय सांगणार? एक दिवसाच्या पिल्लाचा गुदभाग उघडून लिंग ओळखायची पद्धत जपानमध्ये 1920 च्या दशकात बसली, पण ते शिकलेल्या हातांचं काम. घरी दाबू नका, पिल्लू मरतं.

आरवण्याचं म्हणाल तर काही नर आठव्या आठवड्यातच घसा खरवडल्यासारखा आवाज काढतात, काही पाचव्या महिन्यापर्यंत गप्प असतात. डालग्यावर, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीवर, कापड टाकून शेजाऱ्यांची पहाट वाचेल, ही आशा सोडा. कोंबडा आतल्या घड्याळावर आरवतो. नागोया विद्यापीठाच्या 2013 च्या प्रयोगात सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या वेळेला आरवले. नर निघाला तर मोकळी जागा असलेलं घर आधीच बघून ठेवा.

दोन अपवाद. कडकनाथाचा तुरा काळसर असतो, तिथे लालीची वाट बघू नका, पीसच बघा. सिल्की जातीची पिसं केसांसारखी, तिथे पिसाचीही खूण चालत नाही, थांबावंच लागतं. आणि रस्त्यावर रंगवून विकलेली पिल्लं असतील तर बहुतेक नरच, अंड्याच्या जातींतले हॅचरीला नको असलेले.

पाचही पिल्लांच्या पायात वेगवेगळ्या रंगाचा सैल दोरा आजच बांधा, म्हणजे कोणाचं पीस बघितलं ते कळेल. पाय जाड होत जातात, दर आठवड्याला दोरा सोडून पुन्हा बांधा, नाहीतर तो मांसात रुततो.