सेप्टिक शॉकमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढतं, तर ते बंद करायचं औषध का देत नाहीत?

ताई, सासऱ्यांना लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्टिक शॉक झालाय, डॉक्टर म्हणाले नायट्रिक ऑक्साइड वाढून रक्तवाहिन्या सैल पडल्यात, मग तेच बंद का करत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मी कोल्हापुरात आयसीयूमध्येच काम करतो, आणि सांगतो, तसं औषध पेशंटना देऊन बघून झालंय.

आधी होतं काय ते बघा. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात एरवीही थोडाथोडा तयार होत असतो, त्यानंच वाहिन्या गरजेपुरत्या सैल होतात (या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना). पण इन्फेक्शन अंगात पसरलं की जंतूंचं विष आणि शरीरानंच सोडलेली टीएनएफ, इंटरल्युकिन असली रसायनं यांच्यामुळं आयनॉस नावाचं वेगळं एन्झाइम तयार होतं, त्याला काही तास लागतात पण एकदा सुरू झालं की थांबत नाही, ढिगानं वायू बनवत राहतं. मोटर तीच, पाणी तेवढंच आणि पाइप एकदम रुंद झाला तर शेवटच्या सरीला पाणी कुठनं पोचणार, तसं बीपी पडतं. म्हणून सुरुवातीला कित्येकांचे हातपाय गरम लागतात आणि मॉनिटरवर वरचं बीपी 70, नातेवाईक म्हणतात हात तर चांगला गरम लागतोय की, मग एवढं सिरीयस कसं?

आता ते औषध. एल-एनएमएमए. 797 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, 2004 मध्ये छापून आली. बीपी खरंच वाढलं, पण 28 दिवसांत औषध घेतलेल्यांतले 59 टक्के दगावले आणि न घेतलेल्यांतले 49, त्यामुळं ट्रायल मधेच थांबवावी लागली. कारण ते औषध जादाचा वायू तेवढा अडवत नाही, रोजच्या कामाचाही बंद करतं, बारीक वाहिन्यांतनं रक्त फिरायला तो लागतोच, आणि वर हृदयाचं पंपिंग कमी होतं. नुसता मॉनिटरवरचा आकडा वाढवून भागत नाही ओ. मेथिलीन ब्लू नावाचं औषध याच साखळीतली पुढची कडी अडवतं, ते काही ठिकाणी देतात, पण सरसकट नाही.

म्हणून तासाभरात अँटिबायोटिक, सलाईन, आणि पंपावर नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, रक्तवाहिन्या आवळणारं औषध), मीन म्हणजे सरासरी बीपी 65 च्या आसपास धरायचं. नॉरॲडची सिरिंज संपायच्या आधीच सिस्टर दुसरी भरून तयार ठेवतात, कारण बदलताना जरा खंड पडला तरी बीपी धाडकन खाली येतं.

तुम्ही डॉक्टरांना एवढं विचारा, तासाला लघवी किती होतीय, लॅक्टेट (पेशींना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय का. आणि मुख्य म्हणजे सोनोग्राफीत खडा अडकून किडनी तुंबलेली दिसतीय का, कारण तसं असेल तर स्टेंट किंवा नळी टाकून तो पू बाहेर काढल्याशिवाय कुठलंच औषध पुरं पडत नाही, त्याला होकार द्यायला घरात चर्चा करत बसू नका.